समाजशास्त्राला ॲडमिशन घेताय? बारावीपासून पहिल्या पगारापर्यंतचा रस्ता

समाजशास्त्र ठरवून घेणाऱ्यांपेक्षा त्यात येऊन पडणारेच माझ्या पाहण्यात जास्त. सायकॉलॉजीच्या जागा भरल्या, इकॉनॉमिक्समध्ये गणित आहे असं कळलं, चुलतभाऊ म्हणाला यूपीएससीला चालतं, झालं, फॉर्मवर समाजशास्त्र लिहिलं. असं आलात म्हणून काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढे. तीन वर्षं गाइडवर काढली, परीक्षेच्या आदल्या रात्री 'कुटुंबाची कार्ये' पाठ केली आणि पदवी हातात पडल्यावर लोकांना विचारत बसलं, की 'आता याचं काय करायचं?'

नुसत्या 'बीए समाजशास्त्र' या शब्दांवर नोकरी मिळत नाही, हे पहिल्या दिवशीच मान्य करून टाका. नोकरी मिळते ती माणसांशी नीट बोलता येतं, बोललेलं नीट लिहिता येतं, आकड्यांचा तक्ता वाचता येतो आणि या सगळ्यातून चार पानांचा धड अहवाल उभा करता येतो म्हणून. हे सगळं या विषयात शिकता येतं, पण आपोआप शिकवलं जात नाही. खालचा मजकूर त्यासाठी आहे.

आधी एक गोंधळ मिटवा: हे समाजकार्य नव्हे

घरचे विचारतात, "म्हणजे समाजसेवाच ना?" नाही. समाजकार्य हा वेगळा, व्यावसायिक अभ्यासक्रम आहे: बीएसडब्ल्यू, एमएसडब्ल्यू. त्यात वर्गातल्या तासांबरोबर एखाद्या संस्थेत, रुग्णालयात, वस्तीत नियमित काम करावं लागतं आणि त्याचे गुण असतात. रुग्णालयातला वैद्यकीय समाजसेवक, कुटुंब न्यायालयातला समुपदेशक, बालगृहातली पदं यांच्या बहुतेक जाहिरातींत एमएसडब्ल्यूच मागतात. तिथे एमए समाजशास्त्र घेऊन गेलात तर अर्ज छाननीतच बाद होऊ शकतो. तुम्हाला त्याच खुर्चीत बसायचं असेल तर बीए समाजशास्त्र करून पुढे एमएसडब्ल्यूला जा. तो रस्ता खुला आहे आणि चांगला आहे.

समाजशास्त्राचं काम निराळं. उदाहरण लग्नाचं घेऊ. तुमच्या ताईला स्थळं पाहताहेत. मुलगा पुण्यात हवा, पॅकेज अमुक हवं, 'मुलगी नोकरी करणारी चालेल' यातलं 'चालेल', पत्रिका, पोटजात, आणि 'आमची काही अपेक्षा नाही' असं म्हणून मांडलेल्या अपेक्षा. घरच्यांच्या दृष्टीने हा ताईचा प्रश्न. समाजशास्त्राचा विद्यार्थी विचारतो: कोण कुणाशी लग्न करतं, कुणाशी करत नाही, आणि ही कुंपणं कोण राखतं? शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळेनाशी झाली, यात जमिनीचा भाव, मुलींचं शिक्षण आणि गर्भातच थांबवलेल्या मुली यांचा हात किती? एकेका घरातली अडचण हजार घरांत सारख्याच तऱ्हेने दिसू लागली की ती या विषयाच्या अंगणात येते.

पदवीसाठी कॉलेज निवडताना

अकरावी-बारावीला समाजशास्त्र नसलं तरी चालतं. विज्ञान किंवा वाणिज्य शाखेतूनही बीएला येता येतं. नवीन शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत मुख्य विषय, दुय्यम विषय आणि श्रेयांक अशी रचना आली आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं. चार वर्षं केलीत तर पुढचं एमए एका वर्षाचं. पुढे संशोधनाकडे जायचा विचार असेल तर चौथं वर्ष उपयोगी. नसेल तर त्यात उगाच अडकू नका.

कॉलेजचं नाव बघण्याआधी त्याचं ग्रंथालय बघा. समाजशास्त्राच्या कपाटात गाइडं सोडून काही आहे का, आणि पुस्तकं मुलांना हातात मिळतात की कुलपात आहेत? मग तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाला गाठून विचारा, 'प्रोजेक्ट कशावर केलास, आणि सरांनी तो वाचला का?' या एका प्रश्नाच्या उत्तरात विभागाची सगळी कुंडली कळते. तालुक्याच्या ठिकाणच्या एखाद्या साध्या कॉलेजात स्वतः संशोधन करणाऱ्या मॅडम असतील, तर तीन वर्षांसाठी ते नावाजलेल्या कॉलेजपेक्षा बरं.

दुय्यम विषय मात्र विचार करून घ्या. अर्थशास्त्र, मानसशास्त्र, भूगोल किंवा संख्याशास्त्र मिळत असेल तर घ्या. मैत्रीण घेतेय म्हणून घेऊ नका.

एमए कुठे

भारतात समाजशास्त्राचं विद्यापीठीय शिक्षण सुरू झालं त्यात मुंबईचं नाव पहिलं घेतात. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये विभाग निघाला, पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस, म्हणजे नगररचनेतलं मोठं नाव. त्यांच्यानंतर आले गोविंद सदाशिव घुर्ये, मूळचे मालवणचे. त्यांनी विभाग तर चालवलाच, १९५१ मध्ये इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटीही स्थापन केली. एम. एन. श्रीनिवास, इरावती कर्वे, अ. र. देसाई हे त्यांचे विद्यार्थी. गुरूशी कडाडून मतभेद असलेलेही त्यात आले. इरावतीबाई पुढे पुण्यात डेक्कन कॉलेजात गेल्या, श्रीनिवासांनी १९५९ मध्ये दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये विभाग उभा केला. विषयाचं हे घराणं माहीत असलं की पाठ्यपुस्तकातली नावं नुसती नावं राहत नाहीत. कोण कुणाशी भांडतंय ते कळतं.

आज मुंबईत कालिना, पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठ, मुंबईत एसएनडीटी, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ, छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, आणि गोव्यात गोवा विद्यापीठ या ठिकाणी एमए करता येतं. पुणे विद्यापीठाचं एक वैशिष्ट्य म्हणजे जात आणि स्त्रीप्रश्न एकत्र अभ्यासण्याची तिथली परंपरा. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांचं काम तिथलंच. देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था (टिस) १९३६ ची. तिथले अभ्यासक्रम समाजकार्य, विकास, शिक्षण, श्रम असे विखुरलेले आहेत, त्यामुळे 'टिसला जायचंय' एवढं म्हणून भागत नाही, कोणत्या कोर्सला ते ठरवावं लागतं. लोकसंख्या, स्थलांतर, आरोग्य यांची गोडी असेल तर देवनारलाच असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तीच संस्था करते.

दिल्ली विद्यापीठ, जेएनयू, हैदराबाद विद्यापीठ इथे जायचं तर सीयूईटी-पीजी ही सामायिक प्रवेशपरीक्षा. आपली मुलं नेमकी इथेच चुकतात. या परीक्षेचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत भरून होतात आणि परीक्षा मार्चच्या सुमारास होते. आपल्याकडे तिसऱ्या वर्षाचा निकाल लागतो जून-जुलैत, तेव्हा मुलं जागी होतात आणि वर्ष वाया जातं. तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीतच संस्थांची माहितीपत्रकं काढून तारखा लिहून ठेवा. नियम दर वर्षी थोडे हलतात, तेव्हा सिनिअरच्या सांगण्यावर न जाता संस्थेचं त्या वर्षाचं पत्रक वाचा.

नोकरी करत शिकायचं असेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचं एमए समाजशास्त्र आहे. त्याचा अभ्यास-मजकूर ई-ज्ञानकोश या त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट मिळतो. तुम्ही इग्नूत नसलात तरी तो उतरवून घ्या. बाजारातल्या कुठल्याही गाइडपेक्षा तो सरस आहे.

पैशाचं काय

शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती तिथलीच. पुढे पीएचडीला अधिछात्रवृत्ती हवी तर अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी, ओबीसी व भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी टीआरटीआय. यात अडतं ते कागदांपाशी: जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेलं बँक खातं. हे पहिल्या वर्षीच करून ठेवा. जात पडताळणी समितीला तुमच्या प्रवेशाच्या तारखेशी काही देणंघेणं नसतं.

भाषेची भिंत

मराठी माध्यमातून आलेल्यांची खरी दमछाक एमएला होते, कारण वाचायचं बहुतेक इंग्रजीत. भीती बाळगू नका, पण तयारी पहिल्या वर्षापासून हवी. क्रम असा ठेवा: आधी बालभारतीची अकरावी-बारावीची समाजशास्त्राची पुस्तकं, फुकट पीडीएफ मिळतात. मग मराठी विश्वकोशातल्या नोंदी. जातिसंस्था, कुटुंबसंस्था, सामाजिक स्तरीकरण या नोंदी शांतपणे वाचा. त्यानंतर एनसीईआरटीची अकरावी-बारावीची चार पुस्तकं इंग्रजीत. भाषा सोपी आहे, उदाहरणं भारतीय आहेत, आणि तोच विषय तुम्ही आधी मराठीत वाचलेला असल्याने अडखळायला होत नाही. अडलंच तर तीच पुस्तकं हिंदीतही आहेत.

वही दोन बाजूंची करा. डावीकडे इंग्रजी परिच्छेदातला मुद्दा तुमच्या घरच्या मराठीत, उजवीकडे तोच मुद्दा मोडक्यातोडक्या का होईना पण तुमच्या इंग्रजीत. भाषांतर करू नका, पुस्तक मिटून सांगा. सहा महिन्यांत फरक कळतो. मराठीत विचार पक्का झाला की इंग्रजी मागून येतं. उलट क्रमाने गेलेली मुलं दोन्ही भाषांत अर्धवट राहिलेली मी पाहिली आहेत.

सिद्धांत वाचताना

कॉम्त, दुर्खीम, मार्क्स, वेबर. पहिल्या वर्षी ही चार नावं येतात आणि बहुतेकांचा विषयातला रस तिथेच संपतो, कारण गाइडात प्रत्येकाची 'वैशिष्ट्ये' पाच मुद्द्यांत दिलेली असतात. वैशिष्ट्यं सोडा. हा माणूस कशाचं कोडं सोडवतोय ते शोधा. दुर्खीमचं आत्महत्येवरचं पुस्तक १८९७ चं. त्याचं कोडं असं: आत्महत्या ही माणसाने एकट्याने केलेली गोष्ट, मग वेगवेगळ्या समाजगटांतलं तिचं प्रमाण वर्षानुवर्षं साधारण तेवढंच कसं राहतं? कारण एकेकट्या माणसाच्या मनात शोधून हे सुटणार नाही, ते माणसं एकमेकांशी कशी बांधलेली आहेत त्यात शोधावं लागेल. एवढं कळलं की विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवरची कुठलीही बातमी तुम्ही वेगळ्या नजरेने वाचता.

पण मला कुणी विचारलं की एकच काहीतरी वाचून विषयाची गोडी लागेल असं सांगा, तर मी डॉ. आंबेडकरांचा १९१६ चा निबंध सांगतो. कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राच्या परिसंवादात वाचलेला, भारतातील जातींची यंत्रणा, उगम आणि विकास यांवरचा. लेखकाचं वय २५. एका संध्याकाळी वाचून होतो, मराठी भाषांतरही आहे.

त्यातली मांडणी पाहा. जातीचं सार जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे, असं ते धरतात. मग विचारतात, एखाद्या गटाने आतल्या आतच लग्नं करायचं ठरवलं तर ते टिकवायचं कसं? स्त्री-पुरुषांची संख्या जवळपास सारखी लागेल. पण नवरा आधी मेला तर बाई 'जास्तीची' होते; तिने गटाबाहेर लग्न केलं तर कुंपण मोडतं, गटात दुसऱ्या पुरुषाशी केलं तर कुणातरी मुलीचा वाटा जातो. तिच्यावर उपाय दोन: नवऱ्याबरोबर जाळणं किंवा सक्तीचं वैधव्य. बायको मेलेला पुरुष 'जास्तीचा' होतो, पण पुरुषाला जाळणं गटाला परवडत नाही. मग त्याच्यासाठी अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी, म्हणजे बालविवाह. सती, विधवांवरची बंधनं आणि बालविवाह या तीन सुट्या वाटणाऱ्या रूढी एका यंत्राचे भाग आहेत, हे ते काही पानांत दाखवून देतात. धर्मग्रंथाचा हवाला नाही, हळहळ नाही. समाजशास्त्रीय युक्तिवाद म्हणजे काय, हे यापेक्षा स्वच्छ दिसणार नाही. तुमच्या अभ्यासक्रमात हा निबंध नसला तरी वाचा.

फिल्डवर्क: इथे जीव ओता

हा विषय पायांनी शिकायचा आहे. इरावती कर्वे पंढरीच्या वारीत चालल्या आणि एकाच दिंडीत विठ्ठलाचं नाव घेणारी माणसं जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळी बसतात, हे त्यांनी मनाला लावून घेत लिहिलं. श्रीनिवासांनी म्हैसूरकडच्या खेड्यावरच्या टिपणांवर काम करून ती नीट लावली होती, त्यांच्या तिन्ही प्रती १९७० मध्ये स्टॅनफर्डला आगीत जळाल्या. त्यांनी नंतर आठवणींच्या आधारे ते खेडं पुस्तकात उभं केलं. एवढं ते त्यांच्या अंगात भिनलेलं होतं. (तुम्ही मात्र टिपणं दोन ठिकाणी ठेवा.)

सुरुवात गावातल्या किंवा गल्लीतल्या रेशन दुकानापासून करा. तासभर बाजूला उभं राहायचं, घरी येऊन त्याच दिवशी लिहायचं. पहिल्यांदा सगळे असं लिहितात:

'रेशन दुकानावर खूप गर्दी होती. लोक त्रस्त दिसत होते. व्यवस्थेत सुधारणा व्हायला हवी.'

यात काहीही नाही. आता हे पाहा:

'दुकान उघडण्याआधी रांगेत नऊ पिशव्या आणि एक दगड. माणसं समोरच्या पारावर. दुकान उघडलं तेव्हा तेरा बाया, चार पुरुष. पुरुष थेट काउंटरला गेले, कुणी हटकलं नाही. एका आजीचा अंगठा मशीनवर तीनदा उमटला नाही. दुकानदार: "मुलाला पाठवा." आजी: "मुलगा चाकणला असतो." त्यांना बाजूला बसवलं. मी निघालो तेव्हा बसलेल्याच होत्या.'

दुसऱ्या नोंदीत मत एकही नाही, पण प्रश्न किती आले बघा. रांगेचा नियम कोण पाळतं आणि कोण पाळत नाही? कष्टाने झिजलेले अंगठे यंत्राला वाचता येत नाहीत तेव्हा हक्काचं धान्य कुणाच्या मर्जीवर येतं? कामासाठी बाहेर गेलेल्या मुलाची जागा घरात कोण भरून काढतं? यातल्या एका प्रश्नावर तुमचा अख्खा प्रोजेक्ट होऊ शकतो.

मुलाखतीचंही असंच. 'तुमच्या घरात निर्णय कोण घेतं?' असं विचारलंत की शंभरातली नव्वद घरं सांगतील, 'दोघं मिळून.' ते उत्तर टिपून घरी आलात तर तुमचा प्रोजेक्ट सुंदर टाइप केलेला आणि निरुपयोगी होतो. त्याऐवजी विचारा, 'घरात शेवटची मोठी वस्तू काय आणली?' 'म्हैस.' 'बाजारात कोण गेलं होतं? पैसे कुणी काढले? तुम्ही म्हैस पहिल्यांदा पाहिली कधी?' उत्तर येतं, 'दारात आली तेव्हा.' तसंच कामाचं. 'काय करता?' 'काही नाही, घरीच असते.' मग म्हणा, 'काल सकाळी उठल्यापासून सांगा.' पाणी, धारा, डबे, खुरपणी, शिलाई, रात्री शेंगा फोडणं असं सगळं निघतं. ऊसतोडीत तर नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, सहसा पुरुषाच्या हातात पडते. अशा ठिकाणी 'कामगार किती' हा साधा प्रश्नही कसा विचारता त्यावर बाई मोजली जाते की नाही ते ठरतं.

काही पथ्यं. कोण आहात, कशासाठी विचारता, नावं छापणार नाही, नको असेल तर बोलू नका, हे आधी सांगा. रेकॉर्डिंग विचारूनच. गावात सरपंचांच्या गाडीतून उतरलात, त्यांच्याकडे जेवलात, की पलीकडच्या वस्तीत लोक तुमच्याशी सरपंचांच्या पाहुण्यासारखेच बोलणार. पहिल्या दिवशी कुणाच्या ओट्यावर बसायचं याचा विचार करून जा. तुमचं आडनावही तुमच्या आधी पोचतं. ते लपवता येत नाही, पण त्यामुळे कोण मोकळं बोललं आणि कोण आखडलं हे डायरीत लिहा. आणि कुणी रडायला लागलं तर प्रश्नावली मिटवा.

आकड्यांना घाबरून चालणार नाही

'गणित नको म्हणून समाजशास्त्र घेतलं' असं म्हणणाऱ्यांसाठी वाईट बातमी: पगार देणारी निम्मी कामं आकड्यांची आहेत. चांगली बातमी अशी, की लागणारं गणित आठवीचं आहे. एक्सेलमध्ये पिव्हट टेबल करता येणं, टक्केवारी कशाची काढली हे सांगता येणं, नमुना कसा निवडला हे समजणं, एवढ्यावर पहिली नोकरी निभते. समजा २०० घरांपैकी ४० घरांतली माणसं ऊसतोडीला जातात आणि त्यांतल्या १० घरांत अठराच्या आत मुलीचं लग्न झालंय. उरलेल्या १६० घरांतही अशी घरं १०. 'बालविवाह झालेल्या घरांपैकी निम्मी ऊसतोडीची' हेही खरं आणि 'ऊसतोडीच्या घरांपैकी पाव घरांत बालविवाह' हेही खरं. पण दोन्ही वाक्यं वेगळी आहेत आणि वर्तमानपत्रं त्यांची रोज सरमिसळ करतात. हा फरक तुमच्या डोक्यात बसला पाहिजे.

सरावाला खरे आकडे घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. जिल्हावार पत्रकं उघडा: परभणी, बीडला हा आकडा ४० च्या वर आहे, कोकणपट्टीत बराच खाली. का? स्थलांतर, शाळेचं अंतर, हुंडा, मुलीला फडावर नेण्याची भीती, यातलं काय किती? इथून आकड्याचं काम संपून मुलाखतीचं सुरू होतं. २०२७ च्या जनगणनेत जातीचीही नोंद होणार आहे; ते आकडे आले की ते समजावून सांगू शकणाऱ्या माणसांची गरज पडेल, वृत्तपत्रांपासून पक्षकार्यालयांपर्यंत.

जमलं तर एमएला 'आर' हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर शिका, ते फुकट आहे. मोबाइलवर प्रश्नावली भरून घेण्यासाठी कोबो टूलबॉक्स वापरतात, तेही एका दुपारी जमतं.

पुढे कुठे पोचता येतं

स्पर्धा परीक्षा आधी घेतो, कारण निम्मे वाचक त्यासाठीच आले असणार. यूपीएससी मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषयाचे २५०-२५० गुणांचे दोन पेपर, म्हणजे लेखीच्या १७५० पैकी ५००. समाजशास्त्राचा अभ्यासक्रम आटोपशीर आहे, निबंधाला आणि सामान्य अध्ययनातल्या भारतीय समाजाच्या भागाला उपयोगी पडतो, मराठीतूनही लिहिता येतो. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली असून तिथेही वैकल्पिक विषय आहे. पण परीक्षेचं समाजशास्त्र हे विषयाचं सुकवलेलं रूप आहे, आणि सदाशिव पेठेत पाच वर्षं काढून रिकाम्या हाताने परतलेली मुलं आपण सगळेच ओळखतो. किती प्रयत्न द्यायचे ते आधी ठरवा आणि घरच्यांना सांगून ठेवा.

प्राध्यापकी: एमएला ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५०), मग नेट (देशपातळीवरची) किंवा सेट (राज्याची) ही पात्रता परीक्षा. नेट वर्षातून दोनदा, दोन्ही पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. नेटमधूनच जेआरएफ ही अधिछात्रवृत्ती मिळाली तर संशोधनासाठी दरमहा ३७,००० रुपये मिळतात, आणि आता नेटच्या गुणांवर पीएचडीचा प्रवेशही होतो. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट पुणे विद्यापीठ घेतं. एवढं सगळं करूनही कायम जागा निघेपर्यंत तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं राबावं लागतं. तासाला पैसे, सुट्टीत शून्य. घरी दुसरा पगार नसेल तर या वाटेला जाताना डोळे उघडे ठेवा. ज्युनिअर कॉलेजला शिकवायचं तर एमएबरोबर बीएड लागतं.

विकासक्षेत्र आणि संशोधन: इथे जागा आहेत, जाहिराती मात्र समाजशास्त्राच्या नावाने येत नाहीत. फिल्ड इन्व्हेस्टिगेटर, रिसर्च असिस्टंट, प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर, एमअँडई (देखरेख आणि मूल्यमापन) ऑफिसर या नावांनी शोधा. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चणं बंधनकारक केलं. तो पैसा जिथे जातो तिथे आधी पाहणी आणि नंतर मूल्यमापन करणारी माणसं लागतात. सुरुवातीचा पगार बेताचा, फिरती भरपूर, करार सहसा अकरा महिन्यांचे. पण दोन वर्षांत जे शिकायला मिळतं ते कुठल्याही वर्गात नाही.

मार्केट रिसर्च आणि ॲप बनवणाऱ्या कंपन्यांतलं युझर रिसर्चचं काम हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. जालन्यातला दुकानदार पेमेंट ॲपमधला एखादा पर्याय का वापरत नाही, हे त्याच्या गल्ल्याशेजारी बसून समजून घ्यायचं. हे फिल्डवर्कच आहे, फक्त पगार बरा. इथे इंग्रजीत सादरीकरण करता यावं लागतं. पत्रकारिता, कायदा, एचआर याही वाटा आहेत, पण प्रत्येकीला वेगळा कोर्स लागतो.

अर्ज पाठवताना

बायोडेटात 'मेहनती, प्रामाणिक, टीमवर्कची आवड' लिहू नका. 'तालुक्यातल्या ३ गावांत ४५ मुलाखती, मराठीत घेतल्या, टाइप केल्या, त्यांचं वर्गीकरण केलं' असं लिहा, अर्थात केलं असेल तर. सोबत तुमच्या प्रोजेक्टचा चार पानी सारांश जोडा: प्रश्न काय होता, कुणाशी बोललात, काय सापडलं, काय सापडलं नाही. अर्ज चाळताना मी आधी तो शेवटचा भाग वाचतो. 'काय सापडलं नाही' हे ज्याला लिहिता येतं, त्याला मुलाखतीला बोलावतो. मुलाखतीला येताना तुमची फिल्ड डायरी आणा, मळलेली असली तरी चालेल, फक्त त्यातली लोकांची खरी नावं आधी झाका. आणि पीडीएफला 'फायनल फायनल २' असं नाव न देता तुमचं स्वतःचं नाव द्या.